सहा मिलिसेकंदांत नकार

३ फेब्रुवारी, सोमवार

आजपासून रोजनिशी. महत्त्वाचं काम हाती घेतलं आहे. पुढेमागे कुणी विचारलं तर तारीखवार पुरावा असावा. बाकी कुणी वाचायचा प्रश्न नाही. वही पर्समध्ये, पर्स कपाटात, किल्ली माझ्याकडे.

सकाळी मोठ्या साहेबांची मीटिंग. तक्रार अशी की ऑफिसात कुठलाही प्रोग्राम उघडायला बारा सेकंद लागतात. लोक बटण दाबून चहाला जातात आणि चहाहून परत यायचं विसरतात. दोष कुणाचा, तर माझ्या लायब्ररीचा.

नव्या अकाउंटंटबाईंनी विचारलं, लायब्ररी म्हणजे पुस्तकांची का? त्यांना दोन मिनिटांत समजावलं. कुणीही फाईल उघडायला गेलं की सिस्टिम आधी माझ्या प्रोग्रामला विचारते, या माणसाला परवानगी आहे का? माझा प्रोग्राम सगळे नियम वाचतो आणि हो किंवा नाही सांगतो. दारांचंही तेच. नियम तीन हजार आठशे चौदा. बावीस वर्षांत एकटीने लिहिलेत. बाई म्हणाल्या, अगं बाई, दर वेळी सगळे वाचायचे? म्हटलं, दर वेळी. म्हणूनच आजवर एकही चोरी नाही. बाई म्हणाल्या, चोर पण कंटाळत असेल. लोक हसले. मी नाही.

एका फाईलमागे चाळीस मिलिसेकंद. एका प्रोग्रामला तीनशे फायली. झाले बारा सेकंद. साहेब म्हणाले, अठ्ठावीस तारखेपर्यंत चाळीसाचे चार करा. नाहीतर बाहेरून तयार लायब्ररी आणू आणि तुम्हाला डॉक्युमेंटेशनला देऊ. डॉक्युमेंटेशन म्हणजे तळमजला, स्टेशनरीच्या शेजारची बिनखिडकीची खोली. तिथे गेलेला माणूस एकदम निरोपसमारंभालाच वर दिसतो.

निश्चय: काम आठ दिवस आधी संपवणे. पहाटे पाचला उठून फिरायला जाणे. कुणावरही न रागावणे, माझ्या प्रोग्राममधल्या चुका शोधणाऱ्या टेस्टरवरसुद्धा.

४ फेब्रुवारी, मंगळवार

पाचचा गजर वाजताक्षणी बंद केला. ह्यांची झोप मोडू नये म्हणून. फिरणं उद्यापासून.

ज्याला मोजता येत नाही त्याला सुधारता येत नाही. म्हणून प्रत्येक नियमाला किती वेळ लागतो ते नोंदवणाऱ्या ओळी घातल्या. तीन हजार आठशे चौदा ओळी. संध्याकाळी वेळ बघितला. अठ्ठावन्न मिलिसेकंद.

५ फेब्रुवारी, बुधवार

नोंदवणाऱ्या ओळी काढल्या. वेळ पुन्हा चाळीस. म्हणजे एका दिवसात अठरा मिलिसेकंदांची बचत. साहेबांना तसं मेलने कळवलं.

टेस्टर म्हणाला, मॅडम, डोक्यावर दगड घ्यायचा, मग उतरवायचा आणि म्हणायचं, किती हलकं वाटतंय. हा टेस्टर चाळिशी ओलांडलेला, पण तोंडात कायम पेनाचं टोपण. मी रागावले नाही. त्याची खुर्ची प्रिंटरशेजारी हलवायला सांगितली.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

टेस्टरने न विचारता यादी आणली. म्हणे यातले तीन हजार नियम सहज काढता येतील, वेळ आपोआप चारवर येईल. उदाहरणार्थ नियम २१२. अमुक गृहस्थांनी तिसऱ्या मजल्यावरच्या फायली उघडू नयेत. टेस्टर म्हणाला, मॅडम, ते वारले. नऊ वर्षं झाली. म्हटलं, माणूस गेला म्हणून नियम जात नाही. तो म्हणाला, म्हणजे परत आले तर? म्हटलं, आले तर फाईल उघडणार नाही. यालाच सिक्युरिटी म्हणतात.

यादी परत दिली. एकही नियम निघणार नाही. लोकांना नियमांची संख्या दिसते, त्यामागची पाळत दिसत नाही.

१० फेब्रुवारी, सोमवार

नवी पद्धत: महत्त्वाचे नियम वर आणायचे, म्हणजे उत्तर लवकर मिळेल. सकाळभर यादी वाचली. सगळेच महत्त्वाचे निघाले. शेवटी सेवाज्येष्ठतेने लावले. जुने आधी. ते आधीही तसेच होते.

वेळ एकेचाळीस. मशीन गरम झालं असणार.

फिरायला गेले नाही. गुडघा.

१२ फेब्रुवारी, बुधवार

सापडलं! आणि सापडलं कुठे, तर घरी. काखेत कळसा.

रात्रीची भांडी आवरताना विचार करत होते की माझ्या घरात निर्णयाला वेळ का लागत नाही. ह्यांनी एकदा विचारलं होतं, ही वेताची खुर्ची बाल्कनीत नेऊ का? त्याला आता सव्वीस वर्षं झाली. मी नाही म्हटलं. वेत उन्हाने तडकतो. त्यानंतर ह्यांनी एकदाही विचारलं नाही. लेकीने जानेवारीत विचारलं, दुसऱ्या शहरातली नोकरी घेऊ का? नाही म्हटलं. त्यावर एक शब्द नाही. वय एकतीस, पण ऐकण्यात आहे. एकदा दिलेलं उत्तर सगळ्यांच्या लक्षात राहतं, म्हणून पुन्हा विचार करावा लागत नाही. याला म्हणतात परफॉर्मन्स.

तर लायब्ररीनेही तेच करायचं. दिलेलं उत्तर एका वहीत टिपून ठेवायचं. तोच माणूस तेच मागायला आला की नियम न वाचता वहीतून उत्तर द्यायचं. टेस्टर या युक्तीचं इंग्रजी नाव सांगत होता आणि जगभर चाळीस-पन्नास वर्षं हेच करतात म्हणत होता. असतील करत. मी हिला उत्तरवही म्हणणार.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

उत्तरवहीचे नियम ठरवले. होकार पाच मिनिटं लक्षात ठेवायचा, मग पुसायचा, पुन्हा तपासायचा. होकाराचा भरवसा नाही. नकार कायमचा.

टेस्टर म्हणाला, मॅडम, नकारसुद्धा शिळा होतो. म्हटलं, नकार शिळा होत नाही, मुरतो. तो म्हणाला, समजा आज एखाद्याला परवानगी नाही, उद्या मिळाली, तरी वही नाहीच म्हणणार. म्हटलं, मग काय बिघडलं? फार तर कुणीतरी थोडा वेळ थांबेल. थांबल्याने कुणी मेलेलं नाही.

त्याने तोंडातलं टोपण काढलं, माझ्याकडे बघितलं आणि परत घातलं.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

सहा. सहा मिलिसेकंद! चाळीसाचे सहा. तीनदा मोजलं.

साहेब स्वतः टेबलाशी आले. म्हणाले, बाई, कमाल आहे. आता फक्त दोन राहिले. पुढच्या आठवड्यात तेही काढते म्हटलं. अकाउंटंटबाई म्हणाल्या, आता चहा प्यायला वेळच उरत नाही हो.

घरी सांगितलं. हे म्हणाले, वा. लेक मोबाईलमध्ये होती.

१७ फेब्रुवारी, सोमवार

उत्तरवही पक्की केली. वीज गेली, मशीन बंद पडलं, तरी नकार पुसला जाणार नाही. पुसायचा असेल तर फक्त माझ्या पासवर्डने, फक्त माझ्या टेबलावरच्या कॉम्प्युटरवरून, मी खुर्चीत बसलेली असताना. आता मुंगीसुद्धा शिरणार नाही.

उरलेले दोन मिलिसेकंद गुरुवारी. त्यासाठी मशीन रूममध्ये जावं लागेल. सकाळी दातांच्या डॉक्टरांकडे जायचं आहे, म्हणून एक वाजेपर्यंत अर्धी रजा टाकली. जेवल्यावर काम.

२० फेब्रुवारी, गुरुवार. सकाळी १०:४०

डॉक्टर लवकर मोकळे झाले. दाढ काढली. अर्धा जबडा बधिर, पण घरी बसून काय करायचं? सरळ ऑफिसला आले. रजा असूनही कामावर येणारी बाई या इमारतीत दुसरी दाखवा.

सध्या मशीन रूमच्या दोन दारांमध्ये आहे. आत जायला आधी बाहेरचं दार, मग चार बाय चार फुटांची काचेची खोली, मग आतलं दार. बाहेरचं दार वॉचमन तोंड बघून बटणाने उघडतो. मधल्या खोलीतून कुठेही जायला कार्ड लागतं. कार्ड लावलं. लाल दिवा. प्रवेश नाही.

बरोबरच आहे. नियम ६१: रजेवरच्या माणसाला कुठलंही दार उघडणार नाही. माझाच नियम. उत्तम चालतोय.

१०:५५

परत जावं म्हणून बाहेरच्या दाराला कार्ड लावलं. प्रवेश नाही. कुठलंही दार म्हणजे कुठलंही दार.

वॉचमनशी इंटरकॉमवर बोलले. त्याच्या बटणाने उघड म्हटलं. तो म्हणाला, मॅडम, आत माणूस असला की बटण चालत नाही, तुम्हीच तसं करून घेतलंय. म्हटलं, पेटीतली हातकिल्ली काढ. म्हणाला, हातकिल्लीला तुमची परवानगी लागते. म्हटलं, दिली. म्हणाला, तोंडी चालत नाही. नियम चौदा.

११:१०

या वहीचं पान फाडून परवानगी लिहिली, सही केली, काचेला लावली. वॉचमनने चष्मा घालून सावकाश वाचली. म्हणाला, अक्षर छान आहे मॅडम, पण कागद चालत नाही. नियम पंधरा. परवानगी तुमच्या टेबलावरच्या कॉम्प्युटरवरूनच यायला पाहिजे. मागच्या वर्षी मी कागदावर किल्ली दिली होती, तेव्हा तुम्ही माझ्याकडून खुलासा लिहून घेतला होता. तीन प्रतींत.

माणूस शिकला म्हणायचा. समाधान वाटलं.

घाबरायचं कारण नाही. एक वाजता रजा संपते. मग कार्ड चालेल.

१२:१५

बसायला काही नाही. इथे एक स्टूल होतं. लोक रेंगाळतात म्हणून मीच काढायला लावलं. मोबाईल बाहेर वॉचमनच्या खणात. नियम ८८. दोनदा वाजला.

उजवीकडे भिंतीवर लाल बटण आहे. काच फोडून दाबलं की सगळी दारं उघडतात, भोंगा वाजतो, आगीचा बंब येतो, अख्खी इमारत रस्त्यावर. खाली सूचना आहे: केवळ आगीसाठी, गैरवापर केल्यास शिस्तभंगाची कारवाई. त्याखाली माझी सही.

आग लागलेली नाही. मी बटण दाबणार नाही.

१:००

रजा संपली. कार्ड लावलं.

प्रवेश नाही.

१:०२

उत्तरवही. सकाळचा नकार. कायमचा.

एक गोष्ट मान्य करायला हवी, उत्तर फार लवकर आलं.

१:३०

वॉचमनने टेस्टरला बोलावलं. मी नको म्हणत होते. टेस्टर काचेपलीकडे उभा राहिला. हसला नाही, हे त्याच्या बाजूने नोंदवते. म्हणाला, मॅडम, वही पुसतो, पासवर्ड सांगा. म्हटलं, पासवर्ड कुणाला सांगायचा नसतो. शिवाय खुर्चीत मी बसलेली असावी लागते, खुर्चीखालच्या वजनाच्या पट्टीने ओळख पटते. तो म्हणाला, मग मशीन बंद करून चालू करतो. म्हटलं, वही डिस्कवर जपलेली आहे, पुसली जाणार नाही. तो म्हणाला, खरंच मॅडम, काम चोख आहे तुमचं.

मग म्हणाला, एक उपाय आहे. लायब्ररीच बंद करतो. मूळ सिस्टिममध्ये एका ओळीचं काम. खाली सिस्टिमची स्वतःची साधी तपासणी आहेच, कोण कुठल्या विभागाचा एवढं बघते आणि दार उघडते.

विचारलं, ती ओळ बदलायची परवानगी तुला कुणी दिली? म्हणाला, ती सगळ्यांनाच आहे. बावीस वर्षं. कुणी कधी विचारलंच नाही.

नाही म्हणून सांगितलं. साहेबांकडे जायचं नाही, असंही सांगितलं. अठ्ठावीस तारखेला आठ दिवस उरलेत आणि लायब्ररीच्या मालकिणीला लायब्ररी बंद करून सोडवलं, हे कळलं तर बिनखिडकीची खोली ठरलेलीच.

२:२०

आपलेच दात आणि आपलेच ओठ. बधिरपणा उतरतोय, दाढेची जागा ठणकतेय. पाणी पीत नाही. पिऊन चालणार नाही.

येणारे-जाणारे बघतात. अकाउंटंटबाईंनी हात हलवला. त्यांना वाटलं, मी तपासणी करतेय. मीही वहीत लिहिल्यासारखं केलं. तसं लिहीतच होते.

उगाच जानेवारीतली एक संध्याकाळ आठवली. लेक स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. हातात कागद होता. आई, ती नोकरी घेऊ का म्हणाली. मी कुकरची शिट्टी मोजत होते. नाही म्हटलं. मागे वळून बघितलं नाही. कागदावर काय होतं, विचारलं नाही.

किती वेळ लागला असेल? सहा मिलिसेकंद? कमीच.

खोली चार बाय चार आहे. तिरकं चालल्यास दोन पावलं होतात.

३:३५

पाय सुजले. बाकी लिहिता येणार नाही अशा अडचणी.

टेस्टर तिथेच जमिनीवर बसून होता. त्याला खूण केली. तात्पुरती परवानगी दिली. फक्त दार उघडेपर्यंत, मग लगेच पुन्हा चालू. तो म्हणाला, हो मॅडम.

दार लगेच उघडलं. मी कार्डसुद्धा नीट लावलं नव्हतं.

संध्याकाळी ४:५०

थेट घरी आले. रोजच्यापेक्षा दीड तास आधी. कुलूप उघडून आत गेले, तर वेताची खुर्ची बाल्कनीत. तीत हे. पाय कठड्यावर, हातात चहा.

हे उठले नाहीत. म्हणाले, आज लवकर?

विचारलं, ही खुर्ची इथे कधीपासून? म्हणाले, साडेपाचला आत नेतो की रोज.

बाल्कनीच्या फरशीवर चार पायांच्या चार खुणा आहेत. खोल गेलेल्या. एक-दोन वर्षांच्या नव्हेत. वेत मात्र कुठेही तडकलेला नाही.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

दाढदुखीमुळे रजा. विचार करायला वेळ मिळाला. मी काही दगड नाही. लेकीला नोकरीची परवानगी द्यायचं ठरवलं. अटी पाच: रोज फोन, महिन्यातून दोनदा घरी, वगैरे. व्यवस्थित टाईप केल्या.

संध्याकाळी तिला समोर बसवून सांगितलं, परवानगी दिली आहे. ती म्हणाली, आई, मी जानेवारीतच होकार कळवला. महिनाभर इथूनच काम करतेय त्यांचं. एक तारखेला जायचंय, खोली पण बघितली. तुला सांगायला बाबा दिवस शोधत होते.

विचारलं, मला पुन्हा का विचारलं नाहीस? म्हणाली, विचारलं होतं की. उत्तर लक्षात होतं माझ्या.

अटींचा कागद तिने वाचला. घडी करून पर्समध्ये ठेवला. त्या कागदाला तरी नाही म्हणाली नाही. दुसरी अट पाळणार बहुतेक.

२४ फेब्रुवारी, सोमवार

ऑफिसात सगळं सुरळीत. वेळ बघितला: शून्य. म्हणजे एकाहून कमी. उत्तरवही मुरली आहे. म्हटलं नव्हतं?

टेस्टरला विचारायचं होतं की लायब्ररी पुन्हा चालू केली ना. कामाच्या गडबडीत राहून गेलं.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

वेळ शून्य. टेस्टर दोनदा टेबलाशी आला. काहीतरी बोलायचं होतं म्हणे. मी प्रेझेंटेशनमध्ये होते. नंतर ये म्हटलं.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

टेस्टर पुन्हा आला. त्याला बाहेरच थांबवलं. काही गोष्टी मीटिंग झाल्यावर कळल्या तर बरं असतं.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

मीटिंग. पडद्यावर माझा आलेख: चाळीस, अठ्ठावन्न, चाळीस, एकेचाळीस, सहा, शून्य. साहेब उठून उभे राहिले. टाळ्या झाल्या. अकाउंटंटबाई सगळ्यांत जोरात.

साहेब म्हणाले, शेवटची उडी कशी मारलीत, ते सगळ्यांना सांगा. मी घसा साफ केला. माझ्याआधी टेस्टरच बोलला. म्हणाला, सर, लायब्ररी वीस तारखेपासून बंद आहे. मॅडम दारात अडकल्या होत्या. पुन्हा चालू करायला गेलो तर मॅडमच्या खुर्चीशिवाय चालू होईना, आणि मॅडमना सांगायला गेलो तर वेळ मिळेना.

साहेबांनी विचारलं, म्हणजे आठ दिवस आपण लायब्ररीशिवाय आहोत? किती तक्रारी आल्या? टेस्टर म्हणाला, एकही नाही. कुठे काही चुकीचं उघडलं? तपासलं सर, कुठेच नाही. साधी तपासणी पुरतेय.

साहेब बसले. म्हणाले, मग बाहेरची लायब्ररी घ्यायचंही काही कारण दिसत नाही. सर्वांकडे बघून म्हणाले, मॅडमनी ऑफिसचा मोठा प्रश्न सोडवला. आवाजात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

बाहेर आल्यावर टेस्टर म्हणाला, मॅडम, तीनदा आलो होतो. म्हटलं, माहीत आहे.

३ मार्च, सोमवार

पाचला उठले. लेकीची खोली झाडली. ती शनिवारी गेली. फोन रोज येतो, म्हणजे कालचा आला. हे खुर्ची आता आत आणत नाहीत. मी काही म्हटलं नाही. फिरायला जाणार होते, पण आज नव्या खोलीत पहिला दिवस, उशीर नको.

डॉक्युमेंटेशनची खोली ऐसपैस आहे, लांबी चौदा फूट. काम जबाबदारीचं: तीन हजार आठशे चौदा नियमांचा इतिहास लिहून ठेवायचा. नियम १ पासून सुरुवात केली. वॉचमन टेबल-खुर्ची लावायला आला होता. स्टूलही घेऊन आला. म्हणाला, मॅडम, राहू दे एखादं, कुणी आलं तर बसायला.

दाराला कुलूप नाही. कार्डाचं यंत्र नाही. कडीसुद्धा नाही. हे बरोबर नव्हे. म्हणून कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून दारावर बाहेरून लावलं: विचारून आत यावे.

सायंकाळी ५:३०. आज दिवसभरात एकही अनधिकृत प्रवेश झाला नाही.